जुन्या घरातलं छोटं संग्रहालय नीट कसं बघावं? (अनुभव धागा, खास सोलापूरकरांसाठी)

पुण्याला गेलं की केळकर संग्रहालय तासाभरात उरकलं जातं. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं की न्यू पॅलेस. औंधला यमाईच्या डोंगरावर गेलेली मंडळी तिथलं भवानी संग्रहालय कधी बघतात, कधी राहूनच जातं. आणि आपल्या गावातलं डॉ. कोटणीसांचं घर 'इथलंच आहे, जाऊ कधीतरी' म्हणत वर्षानुवर्षं राहतं. जुनं घर किंवा वाडा, त्यातल्या खुर्च्या, पलंग, आरसे, तसबिरी हे सगळं बघताना नेमकं काय बघायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. सुतारकाम, चित्रं, कापड, काच यांत मुरलेली माणसं इथे आहेत. त्यांनी हातचं न राखता लिहावं. 'छान आहे, जरूर जा' एवढं नको. कुठे उभं राहायचं, कशाकडे बघायचं, काय बिघडतं आणि का, ते हवं.

रंधा-पटाशी

फर्निचरपासून सुरुवात करतो. समोरून सगळंच देखणं दिसतं. खरं काय ते मागच्या फळीवर, खणाच्या आत आणि पायांच्या बुडाशी कळतं. हात लावायचा नाही, फक्त वाकून बघायचं.

खण अर्धवट उघडा असेल तर पुढची आणि बाजूची फळी मिळते तो कोपरा बघा. डव्हटेलचे (एकमेकांत अडकणाऱ्या पंखाकार सांध्याचे) दात हाताने कापलेले असतील तर सगळे एका मापाचे नसतात, आणि दातांच्या मुळाशी आखणीची बारीक ओरखड्यासारखी रेघ दिसते. सगळे दात अगदी सारखे असतील तर काम यंत्राचं. मागच्या न रंधलेल्या फळीवर सरळ समांतर खुणा असतील तर ती हातकरवतीने किंवा उभ्या पात्याने चिरलेली आहे. खुणा कमानीसारख्या वळत असतील तर गोल पात्याच्या यंत्रावर चिरलेली. प्लसच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतर बसवलेला आहे, म्हणजे दुरुस्ती झालेली आहे. दुरुस्ती होण्यात कमीपणा काहीच नाही, पण ती आपल्याला दिसली पाहिजे.

साग की शिसवी? गडद पॉलिश देऊन साग सहज शिसवीसारखा दिसतो. म्हणून खुर्चीच्या हाताची पुढची कड बघा, जिथे पिढ्यान्‌पिढ्या तळवे घासले आहेत. पॉलिश उडालेल्या जागी पिवळट तपकिरी रंग निघाला तर साग. आतही जांभळट काळसर आणि त्यात काळ्या रेषा असतील तर शिसवी. शिसवी वजनालाही सागापेक्षा बरीच भारी. कोरीव पलंगाचे खूर बारीक असूनही भक्कम असतात ते त्यामुळेच.

आता माझी सगळ्यात आवडती खूण. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसतं. म्हणून शंभर-दीडशे वर्षांचं अखंड फळ्यांचं गोल टेबल आता नेमकं गोल राहिलेलं नसतं. रेषांच्या दिशेने व्यास जास्त, आडवा व्यास थोडा कमी. वरून सरळ खाली बघितलं तर नजरेला कळतं. टेबल 'जुनं' म्हणून मांडलंय आणि वर्तुळ कंपासने काढल्यासारखं पक्कं आहे, तर वरची फळी नंतरची किंवा प्लायवूडची असण्याची शंका घ्यावी.

सोलापूरच्या हवेत हे आकसणं जास्तच त्रास देतं. एप्रिल-मे कोरडाठाक, मग एकदम पावसाळी दमट हवा. जुने कारागीर दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी सोडत, चिकटवत नसत, ती हलती राहावी म्हणून. नंतरच्या कुणीतरी ती 'खिळखिळी झाली' म्हणून खिळे मारून जखडली की पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत ती बरोबर मधोमध तडकते. तडा दिसला की जवळपास खिळे शोधा, बहुतेक वेळा सापडतात.

पायांशी १-२ मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली फिकट ताजं पीठ पडलेलं दिसलं तर आत किडा जिवंत आहे. भोकं काळवंडलेली आणि पीठ नसेल तर जुनी गोष्ट. ताजं पीठ दिसलं तर तिथल्या कर्मचाऱ्याला जरूर सांगा, त्यांच्याही नजरेतून सुटलेलं असू शकतं.

वेतकाम

रंधादादांनी खुर्च्यांच्या बैठकी सोडल्या, त्या मी घेतो. वेताच्या बैठकीची कड खालून बघा. चौकटीत एकेक भोक पाडून त्यातून पट्टी ओवली असेल तर विणकाम हाताचं. कडेने सलग खाच आणि त्यात दाबून बसवलेली वेताची दोरी असेल तर तयार विणलेला तक्ता आणून बसवलाय. हाताच्या विणीत आधी उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या, पुन्हा उभ्या, मग आडव्या खाली-वर गुंफायच्या, शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या. तेव्हा कुठे ती अष्टकोनी जाळी उमटते.

तुटते कुठे? पुढच्या कडेला, कारण बसता-उठताना मांड्यांचा भार तिथे येतो. आणि कोरड्या हवेत वेत कडक होऊन तडकतो. त्याला पाणी द्यायचं ते खालून, ओल्या फडक्याने. वरची चकचकीत साल पाणी पीत नाही. खुर्चीवर दोरी आडवी बांधलेली असते ती याचसाठी. 'फोटोपुरतं बसतो' असं म्हणू नका, एका बसण्यात अख्खी बैठक जाऊ शकते.

वाकवलेल्या लाकडाच्या, इराणी हॉटेलात असतात तशा खुर्च्या बऱ्याच घरांत दिसतात. मूळ नमुना व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटचा, १४ नंबरची खुर्ची, १८५९ ची. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलेलं. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग केले की एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत, म्हणून तर त्या बोटीने जगभर पोचल्या. नकलाही भरपूर झाल्या. बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा ठसा उरलाय का, तेवढं बघा.

रंगपेटी

भिंतीवरच्या देवादिकांच्या चित्रांना सगळे सरसकट 'रविवर्मा' म्हणतात. त्यातली बहुसंख्य चित्रं म्हणजे छापील ओलिओग्राफ. राजा रविवर्मांचा (१८४८–१९०६) छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी छपाईचा वेगळा दगड, एकावर एक छपाई, शेवटी वार्निश. काहींवर कॅनव्हासचा खरबरीतपणा यावा म्हणून दाबही दिलेला असे. त्यामुळे लांबून तैलचित्राचा भास होतो.

ओळखायचं कसं? चित्रासमोर उभं न राहता बाजूला सरकून तिरपं बघा. तैलचित्रात कुंचल्याचे उंचवटे रंगागणिक बदलतात. दागिन्यांच्या टोकावर रंगाचा ठिपका वर आलेला असतो. ओलिओग्राफवर खरबरीतपणा सगळीकडे एकसारखा, गालावर आणि आकाशात तोच. मग चेहऱ्याची सावली जवळून बघा, बारीक ठिपके दिसतील. तळाच्या पांढऱ्या पट्टीवर छापखान्याचं नाव आणि 'कार्ला-लोणावळा' असा पत्ता इंग्रजीत सापडतो, पण फ्रेम करणाऱ्यांनी ती पट्टी बहुतेक वेळा कापलेली असते. हे फार मोठं नुकसान आहे. चित्राचा जन्मदाखलाच गेला ना!

ओलिओग्राफ आहे म्हणून नाक मुरडू नका. देव्हाऱ्याबाहेरच्या भिंतीवर, चाळीतल्या खोलीत, किराणा दुकानात चित्रकला पोचली ती याच कागदांवरून. काहींवर घरातल्या बायकांनी जर-टिकल्या चिकटवून साड्या सजवल्या आहेत. तशी तसबीर दिसली तर थांबून बघाच. टिकलीखालचा रंग उघड्या रंगापेक्षा गडद असतो, म्हणजे मूळ रंग किती उडाला तेही तिथेच कळतं.

औंधला मात्र खरी तैलचित्रं आहेत, रविवर्मांची आणि चित्रकार म. वि. धुरंधरांचीही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ मध्ये ते संग्रहालय उभं केलं. आधी ओलिओग्राफ नीट बघून मग औंधला गेलात तर फरक डोळ्यांत भरतो. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं माता-बालक शिल्पही तिथेच आहे, घाईत चुकवू नका.

जिज्ञासू_होटगी रोड

ताई, भिंग नसेल तर ठिपके कसे दिसणार? आणि फार जवळ गेलं की राखणदार ओरडतात.

रंगपेटी

मोबाईलचा कॅमेरा झूम करून पडद्यावर बघा. फोटो काढायची परवानगी आधी विचारायची, फ्लॅश बंद. हात पाठीमागे बांधून अर्ध्या मीटरवर थांबलं की कुणी ओरडत नाही. हात पुढे केलेला माणूस दिसला की त्यांचा जीव वर-खाली होतो, आणि तो व्हायलाच हवा.

धोटा

सोलापूरकरांना कापड ओळखायला शिकवावं लागत नाही, पण संग्रहालयात गेल्यावर आपण ते विसरतो. पडदे, गादीची खोळ, टेबलावरचं वस्त्र, भिंतीवरची शाल, सगळ्यांची उलटी बाजू कुठेतरी डोकावत असते. तिथे नक्षीचे सुटे धागे लोंबत असतील तर नक्षी विणलेली. उलटी बाजू फिकट आणि सपाट असेल तर छापलेली. किनार बघा. अंगाचा आणि किनारीचा आडवा धागा वेगवेगळा असून जोडावर एकमेकांत अडकवलेला असेल तर ते मेहनतीचं, तीन धोट्यांचं (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन) काम.

रेशीम फाटतं ते घडीवर. म्हणून कायम घडी घालून मांडलेलं नेसूचं वस्त्र बघितलं की जीव तुटतो. घडीच्या रेषेवर आधी चमक जाते, मग चिरा पडतात. शक्य तिथे गुंडाळीवर ठेवावं, नाहीतर घडीत मऊ धुतलेल्या सुती कापडाची वळकटी घालावी. खरी जर चांदीची, वर सोन्याचा मुलामा. ती काळवंडते, पण काळी पडली म्हणून घासू नये, मुलामा निघून जातो. संग्रहालयात जर काळपट दिसली तर ती खरी असण्याची शक्यता जास्त, लखलखीत दिसली तर पाटी पुन्हा एकदा वाचा.

खिडक्यांचे पडदे बहुतेक ठिकाणी नवे असतात. उन्हात जुना पडदा टिकतच नाही.

भैय्या चौक

डॉ. कोटणीसांच्या घराबद्दल. तिथे कोरीव दिवाणखाना बघायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. द्वारकानाथ शांताराम कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झाले, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले. वय ३२. घर बघायचं ते या अंतरासाठी. आधी खोल्यांची मापं, कोनाडे, जिने बघा, हा मुलगा कशा घरात वाढला ते कळेल. मग छायाचित्रं तारखांच्या क्रमाने वाचा. उलट क्रमाने गेलं की चीनमधला डॉक्टर दिसतो आणि सोलापूरचा मुलगा हरवतो.

जुन्या फोटोंबद्दल एक. गडद भागात, विशेषतः कडांना, तिरपं बघितल्यावर निळसर आरशासारखी चकाकी दिसली तर तो मूळ चांदीच्या क्षारांचा फोटो आहे. प्रतीवर ती सहसा दिसत नाही.

उजेड-सावली

'एवढा अंधार का?' हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. कागद, कापड, जलरंग यांना ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि तैलचित्रांना साधारण २०० लक्स ही प्रचलित मर्यादा. बाहेर भर उन्हात १ लाख लक्स. उजेडाने गेलेला रंग परत येत नाही आणि झालेलं नुकसान साठत जातं, म्हणून दिवे मंद. बाहेरून आल्यावर पाच-दहा मिनिटं ओसरीत थांबा, डोळे सरावू द्या, मग आत जा. मे महिन्यात दुपारी १ ते ४ टाळा. जुन्या घरात एसी नसतो आणि तापलेलं डोकं काही बघत नाही.

केळकरला जायचं तर हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून त्याच दिवशी परत येता येतं. तिथे संग्रह २० हजारांहून जास्त वस्तूंचा, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. सगळं बघू म्हणालात तर काहीच दिसणार नाही. दिवे, अडकित्ते, कोरीव दारं, वाद्यं यांतले दोन विषय निवडा, आणि मस्तानी महालासाठी वेगळी वीस मिनिटं राखून ठेवा.

अकरावीची_बाई

शाळेची सहल नेणाऱ्यांसाठी. एका खोलीत एका वेळी दहा मुलं, जास्त नाही. लाकडी तुळया-तक्त्यांच्या माडीवर चाळीस मुलं एकदम नाचली तर घराला झेपत नाही. दप्तरं खाली, पाण्याच्या बाटल्याही. पेन नको, पेन्सिलच, कारण शाईचा डाग निघत नाही. प्रत्येकाला एकच वस्तू द्या आणि तिचं चित्र काढायला लावा. दहा मिनिटं एकाच खुर्चीकडे बघितलेलं मूल पायाला किती बाजू आहेत तेही सांगतं.

आई-वडिलांना नेताना आधी फोन करून जिन्याचं विचारा. वाड्यातले जिने अरुंद, पायरी उंच, कठडा एकाच बाजूला, कधी नुसता दोर. चढताना त्रास कमी होतो, उतरताना होतो. काठीला रबरी टोपण हवंच, गुळगुळीत शहाबादी फरशीवर उघडी काठी घसरते.

काचकाम

काचेवरच्या चित्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही. ही चित्रं काचेच्या मागच्या बाजूला, उलट्या क्रमाने रंगवलेली असतात. आधी डोळ्यातली चमक, दागिन्यांचे मणी, मग चेहऱ्याचा रंग, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. चूक झाली तर वरून रंग देऊन झाकता येत नाही, कारण जे आधी काढलं तेच समोरून दिसतं. चित्रातली अक्षरंही उलटी लिहावी लागत. रंग गुळगुळीत काचेला नुसता धरून असतो, म्हणून दमट-कोरड्या हवेत त्याचे पापुद्रे सुटतात. समोरून चांदीसारखा चकाकणारा डाग दिसला तर तिथे रंग काच सोडून मागे सरकलाय.

जिज्ञासू_होटगी रोड

अशी एक तसबीर आमच्या आजोळी आहे, बालकृष्णाची. पुसायची कशी?

काचकाम

फक्त पुढची बाजू, किंचित ओलसर मऊ सुती फडक्याने, आणि कडेपासून बोटभर आत थांबायचं म्हणजे पाणी फ्रेमच्या खाचेत उतरणार नाही. काच पुसायचा फवारा मारू नका. मागचा पुठ्ठा उघडू नका, बरेचदा सुटलेला रंग त्यालाच चिकटलेला असतो. स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या भिंतीवर टांगू नका, उन्हातही नको. काच तडकली असेल तर चिकटपट्टी न लावता काचेची बाजू खाली ठेवून आडवी नेऊन जाणकाराला दाखवा.