स्वादुपिंडाचा जुना आजार, शुगर वर-खाली: मीटर चुकतंय का?

प्रश्न (इंदूर): बाबांना स्वादुपिंडाची जुनी सूज आहे. उपाशीपोटी ७८, पोहे-जिलेबीनंतर २६०, पण एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.४ च. कशावर विश्वास ठेवायचा?

उत्तर १: ताई, आधी हात बघा. बोटाला पाक किंवा फळाचा रस राहिला तर आकडा फुगतो. साबणाने धुऊन अगदी कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा, पिळू नका. स्ट्रिपची डबी सहसा ३० अंशांच्या आत ठेवायची असते. मे महिन्यात इथली वरच्या मजल्यावरची खोली त्याहून तापते. फ्रिजही नको, ओल धरते.

उत्तर २: एचबीए१सी ही सरासरी, चढ-उतार त्यात लपतात. हिमोग्लोबिनही तपासा, रक्त कमी असेल तर हा आकडा चुकू शकतो. या आजारात इन्सुलिनसोबत ग्लुकागॉनही (शुगर वाढवणारं हार्मोन) कमी पडतं, म्हणून घसरलेली शुगर आपोआप सावरत नाही. इन्सुलिन चालू असेल तर झोपताना मोजाच! ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज (चहाचे साधारण ३ चमचे) पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

उत्तर ३: शौचाची इलास्टेज (स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम) तपासणी झाली का? ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली म्हणजे पाचकरस कमी. नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येतो. पचनासाठीच्या एन्झाइमच्या कॅप्सूल चालू असतील तर या तपासणीसाठी थांबवू नका. त्या पहिल्या घासासोबत घ्यायच्या. अन्न नीट पचू लागलं की शुगर वाढू शकते, तेव्हा शुगरच्या औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.