विनाचालक गाडी आली, तरी वाड्यावरून बसस्थानक गाठता येईल का?

साखळीकर : काचबिंदूमुळे माझ्या वडिलांना स्कूटर सोडावी लागली. गोव्यातल्या आमच्या वाड्यापासून, म्हणजे वस्तीपासून, साखळी शहराचे बसस्थानक तीन किलोमीटरांवर आहे, पण तेवढ्यासाठी त्यांना कुणाची तरी वाट पाहत बसावे लागते. अमेरिकेत फिनिक्समध्ये २०२० पासून आणि सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ पासून वेमो या कंपनीची चालक नसलेली भाड्याची गाडी कुणालाही बोलावता येते, हे कळल्यापासून ते मला विचारतात, "आपल्याकडे कधी येणार?" त्यांना काय सांगावे?

पर्वरीचा अभियंता : लवकर येईल असे सांगू नका. या गाड्या लेझर, रडार, कॅमेरे आणि आधी बारकाईने तयार केलेला नकाशा यांच्या आधारे चालतात. आपल्याकडे जुलैत रस्त्याकडेची पांढरी पट्टी तांबड्या चिखलाखाली जाते, आणि चिऱ्याच्या गडग्याआडच्या वळणावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की ज्याच्या मागे जागा असेल त्याने गाडी मागे घ्यायची, हे चालक नजरेनेच ठरवतात. दिल्ली मेट्रोची मॅजेंटा मार्गिका डिसेंबर २०२० पासून चालकाविना धावते, कारण तिच्या रुळांवर दुसरे कुणीच येत नाही. रस्त्यावर अनपेक्षित घडतेच : ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या वाहनाच्या धडकेने पुढ्यात पडलेल्या महिलेला क्रूझ या कंपनीच्या विनाचालक गाडीने कडेला थांबण्याच्या प्रयत्नात सुमारे २० फूट फरफटत नेले, आणि कॅलिफोर्नियाने त्या कंपनीचा परवाना स्थगित केला.

म्हापशाची वाचक : माझा भाऊ मोटारसायकल पायलट आहे, म्हणजे भाडे घेऊन मोटारसायकलवरून गिऱ्हाइकाला पोचवतो. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी तो पायरीपर्यंत नेऊन ठेवतो. ते काम कोणती गाडी करील? चालकांचे रोजगार जातील म्हणून अशा गाड्यांना परवानगी देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ मध्ये सांगितले, ते मला पटते. शिवाय प्रत्येकाने स्वतःची विनाचालक गाडी घेतली, तर मालकाला पणजीत सोडून ती पार्किंगचे पैसे वाचवण्यासाठी रिकामीच फिरत राहील आणि तिथल्या 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावरची कोंडी वाढेल. खरी गरज आहे ती वाड्यावाड्यांतून फिरून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, वेळा गाठून देणाऱ्या लहान बसची. मग ती चालकाने चालवलेली असो वा यंत्राने.

साखळीकर : पायरीपर्यंतच्या पिशवीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. वडिलांशी बोललो. त्यांना सकाळी साडेआठला जाण्यासाठी आणि दुपारी एकला परतण्यासाठी अशा दोनच फेऱ्या हव्या आहेत. तेवढ्याच मागणीचा अर्ज येत्या ग्रामसभेत देतो.