दुकानी गाण्यांना फाटा देऊन नाताळची स्वतःची प्लेलिस्ट: काय ठेवाल, काय काढाल?

चारभिंती
डिसेंबर लागला की साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना ज्या केकच्या दुकानात शिराल तिथे तीच गाणी. व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस', मरायाबाई कॅरी, आणि कुठल्याशा चिरक्या आवाजातलं 'जिंगल बेल्स'. ते मूळचं १८५७ सालचं घोडागाडीचं गाणं, त्यात नाताळचं नावसुद्धा नाही. यंदा मी माझ्यापुरती वेगळी यादी करतोय. नियम दोनच. दुकानात वाजणारं चालणार नाही, आणि घंटा-घुंगरं काढून घेतली तरी गाणं उभं राहिलं पाहिजे.

पक्की झालेली सांगतो. जोनी मिचेलचं 'रिव्हर' (१९७१): सुरुवातीला पियानोवर 'जिंगल बेल्स'चीच चाल येते, पण पार कोमेजलेली. सगळीकडे सणाची तयारी चाललीय आणि हिला गोठलेल्या नदीवरून स्केट करत लांब कुठेतरी निघून जायचंय. लो या बँडचं 'जस्ट लाइक ख्रिसमस' (१९९९): स्टॉकहोमहून ऑस्लोला निघालेली गाडी, बर्फ पडतो, पुढे नाहीसा होतो, रस्ता चुकतो. बस, एवढंच गाणं. जॉन फेहीची १९६८ची 'द न्यू पॉसिबिलिटी' अख्खी, कारण तिथे गाणारा कोणी नाही, फक्त स्टीलच्या तारांची गिटार आणि जुनी कॅरोल्स. रन-डीएमसी या रॅप गटाचं 'ख्रिसमस इन हॉलिस' (१९८७), आणि त्याच वर्षीचं पोग्ज या बँडचं 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क'.

भर घाला. काढायचं असेल तर कारण द्या.

यवतेश्वर
भर नाही, विरोध. दिवाळीच्या पहाटे घरोघरी ठरलेल्या भक्तिगीतांनीच सुरुवात होते. "यंदा जरा वेगळं लावू" असं कोणी म्हणत नाही, म्हटलं तर आजी रेडिओ हिसकावून घेईल. सणाचं गाणं घासून गुळगुळीत व्हायलाच असतं. शेजारीही तेच लागलंय, समोरच्या टपरीवरही तेच, यालाच सण म्हणतात. कानात बोंडं खुपसून एकट्याने नाताळ ऐकायचा असेल तर उरलेले अकरा महिने मोकळे आहेत की. आणि मरायाबाईंना हसू नका. त्यांचं १९९४चं 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' अमेरिकेत पहिल्या नंबरवर पोचलं २०१९ला. पंचवीस वर्षं लोक तेच ऐकत राहिले, ते काय सगळे बहिरे?

चारभिंती
बहिरे नाहीत, गिऱ्हाईक आहेत. दिवाळीची गाणी मी घरी लावतो, आणि बंद करायचं बटणही माझ्याच हातात असतं. दुकानातलं गाणं माझ्यासाठी नसतंच, मी अजून एक केक उचलावा म्हणून असतं.

लिंबखिंड
यादी बरी आहे, पण पोग्ज कशाला? ब्रिटनमध्ये ते १९८७लाच दुसऱ्या नंबरवर गेलं आणि आता दर डिसेंबरला पुन्हा वर येतं. तिकडच्या दुकानात हेच वाजत असणार. तुमच्या पहिल्या नियमात बसतं ते साताऱ्याच्या दुकानदाराला माहीत नाही म्हणून.

चारभिंती
मी साताऱ्यातच राहतो. नियम इथल्या दुकानांना लागू. शिवाय पोग्जचा गायक शेन मॅकगोवन याचा जन्मच २५ डिसेंबरचा (१९५७), त्याला बाहेर ठेवणं बरं दिसत नाही.

पाचगणीवाला
अहो, जिल्ह्याचा हक्काचा माणूस विसरलात! फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, पहिला बँड तिथेच काढला. क्वीनचं 'थँक गॉड इट्स ख्रिसमस' (१९८४) घ्या. लिहिलंय ब्रायन मे आणि रॉजर टेलरनी, पण गळा आपलाच. यावर चर्चा नको.

लिंबखिंड
घंटा काढल्या तर उरतं का ते? थोडं उरतं. जिल्हा कोट्यातून घ्या.

सदरबझार
मी ख्रिस्ती. घरात चार पिढ्यांचा नाताळ आहे, म्हणून स्पष्ट बोलते. चारभिंती, तुमच्या यादीत एक बाई पळून जातेय, एक गाडी रस्ता चुकलीय, पोग्जच्या गाण्यातला एक जण नाताळच्या आदल्या रात्री दारू पिऊन कोठडीत पडलाय. गाणी चांगली असतील. पण ज्याचा वाढदिवस, तो कुठे आहे? फेहीच्या गिटारीत आहे, तोही मुका.

आणि हे सगळं अमेरिकेतल्या बाजाराला कंटाळलेल्या लोकांचं. तुम्ही तिकडची एक यादी टाकून तिकडचीच दुसरी उचललीत. साताऱ्यात बसून ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आठवले नाहीत? 'उपासना संगीत' हे आमचं मराठी गीतांचं पुस्तक उघडा, त्यांची कितीतरी गीतं सापडतील. अभंग आहेत, पेटी-तबल्यावर म्हणायची भजनं आहेत. शेवटची दोन वर्षं ते इथेच होते. १९१७ साली मिशनचं काम सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली.

यवतेश्वर
वा! हे मान्य. सगळे मिळून म्हणतात असं गाणं. माझाच मुद्दा झाला.

चारभिंती
टिळक घेतो. मनापासून घेतो, आजीच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' होतं, त्यामुळे लक्ष्मीबाईंकडून टिळक थोडे ओळखीचे आहेत. पण मला गाण्यासाठी घ्यायचेत. श्रद्धा असेल तरच ऐका, असं म्हणणं असेल तर जमणार नाही. तुकोबा ऐकणारे सगळे माळकरी असतात का?

सदरबझार
नसतात. पण माळकऱ्याच्या गळ्यातला अभंग कोणी "हटके" म्हणून मिरवत नाही. आमच्याकडे ही भजनं नेहमीची आहेत, जिंगल बेल्स तुमच्याकडे जितकी नेहमीची तितकीच. तुम्हाला ती वेगळी वाटतात कारण तुम्ही कधी आत आला नाहीत.

मंगळवारतळं
मग ख्रिस्ती नसलेल्यांनी नाताळची यादी करूच नये, असंच ना?

सदरबझार
उलट. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दार शंभर वर्षांपूर्वीच उघडलंय. आत येताना एका कानात रॅप ठेवू नका, एवढंच म्हणणं.

चारभिंती
रॅप राहणार. हॉलिस हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला भाग. त्या गाण्यात नाताळला आई काय रांधते ते सांगितलंय, कोंबडी आणि पालेभाजी. यापेक्षा घरगुती नाताळ माझ्या यादीत दुसरा नाही. क्रम असा लावतो: फेही, मग टिळकांचं एक भजन, मग जोनी, लो, फ्रेडी, शेवटी हॉलिस. पोग्ज आदल्या रात्रीसाठी वेगळे.

लिंबखिंड
भजनानंतर लगेच जोनी? पेटी थांबली की पियानो. जमेलही. पण मध्ये काहीतरी बिनशब्दांचं टाका. इटालियन संगीतकार कोरेल्लीची कॉन्चेर्तो (वाद्यवृंदाची रचना) आहे ना, ओपस ६ या संचातली आठवी, नाताळच्या रात्रीसाठीच केलेली. १७१४ला छापली गेली. शेवटचा पास्तोराले, म्हणजे मेंढपाळी चालीचा भाग पुरे.

सदरबझार
टिळकांचं कुठलं भजन? आणि कोणाच्या आवाजात? स्टुडिओत कीबोर्ड लावून केलेलं घेणार असाल तर त्यापेक्षा घेऊ नका. तुमचाच दुसरा नियम, घंटा-घुंगरांचा.

चारभिंती
पेटी-तबला आणि टाळ असलेलं शोधतोय. कोणाकडे घरगुती रेकॉर्डिंग असेल तर कळवा, पोग्ज काढून जागा करतो.

पाचगणीवाला
फ्रेडीला हात लावायचा नाही.