आजोबांची स्टील गिटार आणि तिची पेटी: साल कसं काढावं?

पूर्णाकाठ: नमस्कार मंडळी. परभणीच्या जुन्या घरातला माळा साफ करायलो, तर सोयाबीनच्या पोत्यांमागं आजोबांची हवाईयन गिटार सापडली. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती. काळी, बेकेलाइटची (जुन्या काळचं कडक प्लास्टिक). दिसायला एवढीशी, पण उचलली की जातं उचलल्यागत. तारांवरून नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक. नाव 'रिकनबॅकर'. पेटी लाकडी, आतून जांभळी मखमल. विकायची नाही, फक्त साल पाहिजे. कुणाला जमतं का?

कटिंग_चहा: असलीच एक नेटवर १९३५ ची म्हणून बघितलती. द्या ठोकून १९३५!

तारवाला: ठोकून कसं द्यायचं राव? बेकेलाइटचं मॉडेल १९३५ पासून निघालं, म्हणजे त्याच्या आधीची नाही एवढंच कळलं. भाऊ, दोन गोष्टी बघा. नावात दुसऱ्या 'सी'नंतर 'एच' आहे की 'के'? जुन्या गिटारींवर 'एच' असतो. मग चुंबकाची रुंदी पट्टीनं मोजा. युद्धाआधीचे दीड इंची, नंतरचे सव्वा इंची. पण मोजायसाठी चुंबक काढू नका, काढून ठेवले की त्यांची ताकद उतरते. पेटंट १९३७ च्या ऑगस्टमध्ये मिळालं, तेव्हा पेटंटचा नंबर छापलेला असला तर गिटार त्याच्या नंतरची.

पूर्णाकाठ: 'एच' हाय. चुंबक सव्वा इंच, दोनदा मोजला. पेटंट नंबर पण हाय.

तारवाला: मग युद्धानंतरची. आता आवाजाच्या बटणाखालचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा भाग बघा. मागं आकडे कोरलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे: १३४ सेंट्रलॅब, १३७ सीटीएस, ३०४ स्टॅकपोल. त्या काळच्या पॉटवर पुढचा एक आकडा सालाचा शेवटचा अंक आणि त्यापुढचे दोन आठवडा. पण तारांना डाग देताना (सोल्डर करताना) कुणी हात घातलाय का ते आधी बघा. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या गिटारींत कुण्या रेडिओवाल्यानं स्वतःजवळचा पॉट घुसवलेला असतो. आणि पॉट कारखान्यात वर्षभर पडूनही राहतो, त्यामुळं गिटार त्या तारखेच्या आधीची नाही एवढंच म्हणायचं.

पूर्णाकाठ: १३४७२१. डाग जुनाच दिसायलाय, हात लागल्यागत वाटत नाही.

तारवाला: म्हणजे ७ साल, २१ वा आठवडा. १९४७ किंवा १९५७. 'एच' बघता मी १९४७ धरीन.

जुनी_पेटी: पेटीवर कुणी बोलंना! बाहेरची चिठ्ठी, शिक्का, काही हाय का? दुकानाचं लेबल असलं तर पत्त्यात पिनकोड बघा, तो १५ ऑगस्ट १९७२ ला आला. किंमत आण्यांत असली तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची समजा. त्या दिवशी दशमान नाणी सुरू झाली. (लोक आणे बोलत राहिले, पण ती वेगळी गोष्ट.)

पूर्णाकाठ: कलकत्त्याच्या दुकानाचं लेबल, रुपये-आणे, पिन नाही. बुडाशी रेल्वे पार्सलची फाटकी चिठ्ठी, 'एन. एस. रेल्वे, परभणी' एवढं वाचता येतं.

जुनी_पेटी: मग झकास! ही निजाम स्टेट रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत गेली. चिठ्ठी त्याच्या आधीची असणार.

कटिंग_चहा: म्हणजे १९४७ ते ५१ मधे कलकत्त्याहून आली. लागला निकाल.

जुनी_पेटी: थांबा की जरा. गिटार पेटीत घट्ट बसती का? मखमलीवर बटणांचे, चुंबकांचे वळ उमटलेले असतात. ते आज ठेवलेल्या गिटारीला जुळले पाहिजेत.

पूर्णाकाठ: नाही हो! आत जुनं धोतर कोंबलंय, तरी हलती. खळगा मोठा, पेरूच्या आकाराचा. वळ भलत्याच ठिकाणी.

तारवाला: मग चिठ्ठी पेटीचं साल सांगती, गिटारीचं नाही. पेटी आधी दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या गिटारीची. आता पॉटच खरा साक्षीदार. आणि भाऊ, पॉलिश मारू नका, मखमल धुऊ नका. गिटार हातातून सुटू देऊ नका, बेकेलाइट तडकतं.

पूर्णाकाठ: आताच आजीला विचारलं. म्हणाली, "पेटी आमच्या लग्नाच्या आधीपासूनची. तीतली लाकडी गिटार वाळवी लागून गेली, मग हे काळं खेळणं कुठूनतरी घेऊन आले." लग्न कधीचं, तर म्हणती ज्या साली रेडिओ घेतला त्याच्या पुढच्या साली. रेडिओचं लायसन्स-बुक सापडतंय का बघायलो.