मदत हवी आहे: वॉर्डात बोलण्यापुरतं कन्नड
नमस्कार मंडळी. मिरजेतल्या आमच्या चर्चची सात-आठ माणसं दर रविवारी उपासना आटोपली की दवाखान्यात जातो. पाणी भरून देणं, एकट्या पेशंटजवळ बसणं, एवढंच. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलेलं हे गाव. अथणी, चिकोडीकडूनही पेशंट येतात. कित्येकांना मराठी येत नाही. परवा एक आजी सारखं 'नीर, नीर' म्हणत होत्या आणि मी आपली त्यांची उशी नीट करत बसले! पाणी हवं होतं त्यांना.

कुठं दुखतंय, सोबत कोण आहे, नर्सला बोलावू का, अशी दहा-पंधरा वाक्यं कुणी देवनागरीत लिहून देईल का? तिकडं घरात बोलतात तशी हवीत, पुस्तकी नकोत. आणि आजींना 'अज्जी' म्हणावं की 'अव्वा'?