मदत हवी आहे : गालांवरचे वांग आणि नागपूरचं ऊन

नमस्कार मैत्रिणींनो. गरोदरपणात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आले. बाळ झाल्यावर जातील म्हणे, पण गेले नाहीत. मी अजून अंगावर पाजते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी सध्या ॲझेलेइक ॲसिडची क्रीम आणि सनस्क्रीन एवढंच दिलंय. ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचं पाजणं थांबल्यावर बघू म्हणाले. त्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो, म्हणून तसा त्रास आधी कधी झालाय का ते विचारतात.

खरी अडचण सनस्क्रीनची. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) सनस्क्रीन घ्यायला सांगितलंय. पण मनीषनगर ते सदर स्कूटीवर, वर दुपट्टा बांधलेला, मे महिन्यात पारा ४५ वर! ऑफिसात पोचेपर्यंत अर्धं सनस्क्रीन दुपट्ट्याला. घामात टिकणारं, सावळ्या रंगावर पांढरट न दिसणारं कोणतं वापरता? दुपारी पुन्हा कसं लावता, तोंड धुऊन की वरूनच?

जाऊबाई मेडिकलमधून हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असलेली क्रीम आणून देतायत. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे, मी लावणार नाही. लिंबू-बेसनही कृपया सुचवू नका, आईचं रोज ऐकतेच.

ॲझेलेइकने कुणाला फरक पडला का? किती महिन्यांनी?