जुनं फिशर: ऑपरेशन करावं की घोट्याजवळच्या नसेला करंट देऊन बघावं?

शेवंती
नमस्कार. विषय संकोचाचा आहे. घरात मोकळेपणी बोलता येत नाही आणि दवाखान्यात सगळं सांगून व्हायच्या आत पुढच्या पेशंटचं नाव पुकारतात, म्हणून इथे लिहिते.

वय ३६, नाशिकला असते. फिशरला, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या भेगेला, वर्ष होत आलं. संडासला जाताना काचेने कापल्यासारखं होतं, पण खरा त्रास त्यानंतरचा. दोन-तीन तास असा ठणका लागतो की खुर्चीत नीट बसता येत नाही, आणि मी बँकेत काउंटरवर आहे. आधी नायट्रोग्लिसरीनचं मलम दिलं होतं, त्याने डोकं ठणकायला लागलं म्हणून बदललं. मग डिल्टियाझेमचं जेल, इसबगोल, टबात कोमट पाण्यात बसणं, सगळं नेमाने दोन महिने केलं. बरं वाटतं, मग एखाद दिवशी कडक झालं की पुन्हा तेच. बाहेर कातडीचा छोटा कोंबही आलाय.

सर्जन म्हणतात एलआयएस करून टाका, म्हणजे गुदद्वाराचा आतला स्नायू थोडा कापायचा; छोटं ऑपरेशन आहे, त्याच दिवशी घरी. पुण्यात दुसरं मत घेतलं, तिथे घोट्याजवळच्या नसेला करंट द्यायचा पर्याय निघाला. पायाला करंट देऊन तिथलं कसं बरं होणार, हेच मला उमगत नाही. कुणी दोन्हीपैकी काही केलं असेल तर सांगाल का?

सह्यकडा
ताई, मी एलआयएस करून घेतलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासला गेलो तेव्हाच फरक कळला. जखमेची दुखरी जाणीव होती, पण तो तासन्‌तासचा ठणका गेला तो गेलाच. पहिले काही आठवडे गॅस रोखायला जमत नव्हतं, पुढे ते सुधारलं. माझं मत विचाराल तर वेळ घालवू नका, करून टाका.

कोकणकन्या
लेझरने करतात त्याचं काय? आमच्याकडे रिक्षांच्या मागे जाहिराती आहेत, 'बिना टाका, बिना वेदना'. माझ्या भावाला तेच सुचवलंय.

डॉ_पारिजात
मी जनरल सर्जन आहे. इथे तपासता येत नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून लिहितो.

गुदद्वाराला दोन स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यातला, आतला आपोआप आवळलेला. फिशर झालं की वेदनेमुळे आतला स्नायू आणखी आवळतो, त्यामुळे त्या भेगेला रक्त कमी पोचतं आणि ती भरत नाही. सहा ते आठ आठवड्यांवर गेलं की त्याला जुनं फिशर म्हणतात; कडा जाड होतात आणि शेवंतीताई म्हणतात तसा कोंब येतो. म्हणजे औषध, इंजेक्शन, ऑपरेशन, करंट, सगळ्यांचा रोख एकच: तो आतला स्नायू सैल करणं.

मलमाने जवळपास निम्म्या लोकांचं भागतं. एलआयएसमध्ये त्या स्नायूचा काही भाग एका बाजूने कापतात. भेग भरून येण्याच्या बाबतीत याची बरोबरी दुसऱ्या कुठल्याच उपायाला करता आलेली नाही, शंभरात नव्वदहून जास्त जणांची जखम भरते. पण कापलेला स्नायू परत जोडला जात नाही. बऱ्याच वर्षांच्या पाठपुराव्याचे अभ्यास एकत्र केले तेव्हा शंभरात साधारण १४ जणांना ताब्याची काही ना काही तक्रार दिसली. बहुतेकांची गॅसपुरती, थोड्यांची कपड्याला डाग पडण्याची. आता बरेच सर्जन भेगेच्या उंचीइतकाच स्नायू कापतात, त्याने धोका कमी होतो.

कोकणकन्या, लेझरने केलं तरी स्नायू कापला जातोच. तो किती कापणार आणि का, हे भावाने विचारावं. जाहिरातीवरून ठरवू नये.

शेवंतीताई, एक महत्त्वाचं. बाळंतपणं झालीत का? कशी झाली? आणि भेग मागच्या बाजूला मधोमध आहे का?

शेवंती
हो डॉक्टर, भेग मागे मधोमधच आहे असं सांगितलं. दोन मुलं. धाकट्याच्या वेळी चिमटा लावावा लागला होता, टाके पार मागपर्यंत गेले होते. खोकताना कधी कधी गॅस सुटतो, मला वाटायचं सगळ्याच बायकांचं होतं. बाळंतपणाबद्दल सर्जननी मला विचारलं नव्हतं.

डॉ_पारिजात
हे ऐकल्यावर सल्ला बदलतो. बाळंतपणात तो स्नायू आधीच दुखावला असेल, तर त्यातला आणखी कापणं धोक्याचं. आत्ताच गॅसवर ताबा कमी आहे, ही खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. बाळंतपणानंतरच्या काही बायकांमध्ये स्नायू आवळलेला नसतो आणि तरी फिशर असतं. तिथे कापून उपयोग कसला होणार?

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी दोन तपासण्या मागून घ्या. एक, गुदद्वाराच्या आतून करायची सोनोग्राफी, त्यात स्नायू कुठे तुटलाय ते दिसतं. दुसरी मॅनोमेट्री, त्यात आवळण्याचा दाब मोजतात. या सगळीकडे होत नाहीत, पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत विचारा. दाब जास्त निघाला तर स्नायू तात्पुरता सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन हा मधला मार्ग आहे. त्याचा असर साधारण तीन महिन्यांत ओसरतो, त्यामुळे ताब्याची तक्रार आलीच तरी सहसा राहत नाही. दाब कमी निघाला तर शेजारची कातडी सरकवून भेग झाकायचं ऑपरेशन असतं, त्यात स्नायूला हात लागत नाही.

करंटबद्दल: इजिप्तमध्ये एलआयएस आणि त्वचेवरून दिलेला करंट यांची थेट तुलना झाली आहे. एलआयएस सरस ठरलं, कारण करंटवाल्यांमध्ये फिशर परत येण्याचं प्रमाण जास्त होतं. पण करंटने स्नायूला इजा होत नाही. धडधाकट स्नायू असलेल्या सह्यकडांना मी करंट आधी सुचवला नसता. तुम्हाला सुचवीन.

अनुजा_फिजिओ
पायाचा प्रश्न होता ना, त्याचं उत्तर देते. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी टिबियल नस कमरेच्या खालच्या आणि माकडहाडावरच्या मणक्यांतून निघते, आणि गुदद्वाराच्या स्नायूंना जाणाऱ्या काही नसांचं मूळही तिथलंच. म्हणून पायातून दिलेला संदेश तिथवर पोचतो. लघवी सारखी लागणं, शौचावर ताबा नसणं, यासाठी हा उपाय आधीपासून वापरात आहे. फिशरसाठी त्यामानाने नवा.

आमच्याकडे करतो ते असं. आतल्या घोट्याच्या हाडापासून तीन बोटं वर अगदी बारीक सुई, किंवा सुई नको असेल तर चिकटपट्टी. करंट हळूहळू वाढवतो. तळपायाला मुंग्या आल्या किंवा अंगठा आपोआप वाकला की जागा बरोबर लागली. मग सहन होईल इतपत ठेवून अर्धा तास. दुखत नाही, बायका मोबाइल बघत पडून असतात. आठवड्यातून एक-दोनदा, काही आठवडे यावं लागतं, आणि नोकरीवाल्यांचं इथेच बिनसतं. चिकटपट्टीचं यंत्र शिकून घेतलं तर घरी करता येतं. पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील तर करत नाही. आणि कृपा करून ऑनलाइन यंत्र मागवून पट्ट्या दुखऱ्या जागेवर लावू नका!

निशिगंध
माझीही केस शेवंतीसारखीच, टाक्यांची. मी बोटॉक्स घेतलं. भेग भरली, पण पाणी कमी पडलं आणि बद्धकोष्ठ झालं की खाज सुरू होते, म्हणून इसबगोल सोडलेलं नाही. बाई गं, तपासणीशिवाय ऑपरेशनला बसू नकोस एवढंच सांगेन.

सह्यकडा
बाळंतपणाचं मला ठाऊक नव्हतं. ताई, माझा सल्ला माझ्यासारख्यांपुरता धरा. डॉक्टर, भेग बाजूला असेल तर काय फरक पडतो?

डॉ_पारिजात
बाजूला असेल, एकापेक्षा जास्त असतील किंवा दुखतच नसेल, तर आधी क्रोन्ससारखा आतड्याचा आजार आणि आपल्याकडे टीबीसुद्धा नाकारावा लागतो. तिथे थेट कापलं तर जखम भरायचं नाव घेत नाही. वजन घटत असेल, ताप येत असेल, रक्त जास्त जात असेल तरी लगेच दाखवा.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जनना फोन करून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. आधी सोनोग्राफी आणि मॅनोमेट्री, मग पुण्यात करंट शिकून घरी करायचा विचार आहे. तोवर जेल चालू ठेवू का बंद करू?

अनुजा_फिजिओ
करंटमुळे जेल बंद करावं लागत नाही. किती दिवस लावायचं ते मात्र डॉक्टरांनाच विचार. टबाचा शेक चालू ठेव, संडासला जाऊन आल्यावर दहा-पंधरा मिनिटं, पाणी कोमटच. इसबगोल रात्री भांडंभर पाण्याबरोबर, नाहीतर उलट कडक होतं. यंत्र आणण्याआधी एकदा फिजिओकडून तुझ्या पायावर जागा पेनाने खूण करून घे.